जिन्याखालच्या कपाटातलं फूल

भाजीच्या टोपलीत तळाशी राहून गेलेल्या कांद्याला पावसाळ्यात हिरवा कोंब फुटतो, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. माती नाही, पाणी नाही, तरी कोंब आपल्या जोरावर वर येतो, कारण कांदा म्हणजे त्या रोपाने पुढच्या प्रवासासाठी बांधून ठेवलेली शिदोरी असते. हायसिंथचं फूल अशाच एका कांद्यातून येतं. (आपल्या तळ्यांना आणि नद्यांना विळखा घालणाऱ्या जलपर्णीला इंग्रजीत वॉटर हायसिंथ म्हणतात, तिचं या फुलाशी काही नातं नाही.) तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन इथल्या डोंगरउतारांवरचं हे मूळचं रानफूल. फारसी-उर्दू गझल वाचणाऱ्यांना ते सुंबुल या नावाने ओळखीचं असेल. प्रेयसीच्या कुरळ्या केसांना त्याची उपमा देतात. उत्तर युरोपात मात्र गेली जवळजवळ तीनशे वर्षं हे फूल ऐन हिवाळ्यात, घराच्या आत, पाणी भरलेल्या काचेच्या भांड्यावर फुलवण्याची चाल आहे. या चालीची कथा बहुधा राजवाडे, सरदारघराणी आणि हौशी श्रीमंत यांच्या अंगाने सांगितली जाते. मला ती दुसऱ्या टोकाकडून वाचावीशी वाटते. हे फूल सामान्य माणसाच्या खिडकीत पोचलं याची दोन कारणं होती. त्याला वाढवण्याचं अवघड काम दूरच्या शेतात आधीच उरकलेलं असायचं. आणि जे काम घरी उरायचं त्याला थंडी आणि अंधार एवढंच लागायचं. गरिबाच्या घरात या दोन गोष्टींची वाण कधीच नव्हती.

यातलं पहिलं कारण समजून घ्यायला कंद कापून पाहावा लागतो. ऑक्टोबरमध्ये हायसिंथचा चांगला भरलेला कंद सुरीने उभा चिरला, तर कांद्यासारख्याच पांढऱ्या पापुद्र्यांच्या मधोमध, तळाच्या चकतीला चिकटून, मक्याच्या कोवळ्या कणसासारखं काहीतरी उभं दिसतं. ते पुढच्या वसंतातलं फूल. पाकळ्या, परागकोश, सगळं तिथे आधीच घडलेलं असतं, फक्त नखाएवढ्या आकारात. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथे ए. एच. ब्लाऊ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात हे घडणं आठवड्या-आठवड्याने तपासलं. जूनमध्ये कंद जमिनीतून काढला की वरून तो निर्जीव, झोपलेला दिसतो. पण कोठारातल्या उन्हाळी उबेत, साधारण २५ अंश सेल्सिअसला, त्याच्या पोटात फुलोरा घडत असतो. त्यानंतर त्याला गरज असते ती थंडीची. दहा-बारा आठवडे तापमान दहा अंशांच्या खाली राहिलं, तरच दांडा लांबतो आणि फूल पानांच्या वर येतं. थंडी मिळाली नाही, तर फूल पानांच्या बेचक्यातच आखडून बसतं. म्हणजे कंद विकत घेणारा माणूस बी पेरत नसतो. तो एक तयार झालेलं, पण मिटलेलं फूल घरी आणत असतो, आणि त्याच्या वाढीचं अन्नही त्याच पापुद्र्यांत भरलेलं असतं. कंदात किती अन्न साठलेलं असतं, याचा दाखला डच लोकांच्या आठवणीत फार कडवट आहे. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्यांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. हायसिंथचा कंद विषारी, तोही मार्ग तिथे बंद होता.

आता शेताकडे. ट्यूलिपचा बाजार १६३७ च्या फेब्रुवारीत कोसळला ही गोष्ट सर्वांना माहीत असते, पण हार्लेम शहराच्या भोवतालची कंदांची शेती त्यानंतर वाढतच गेली हे फारसं सांगितलं जात नाही. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागची ती सपाट, पाण्याचा निचरा होणारी, तरी खाली सतत ओल धरणारी जमीन हायसिंथला मानवली. सतराव्या शतकाच्या अखेरीस पीटर फोर्हेल्म नावाचा बागाईतदार तिथे होता. दुहेरी पाकळ्यांची फुलं बी धरत नाहीत म्हणून तो ती उपटून टाकत असे. एका वर्षी आजारपणामुळे त्याला वाफ्यांवर जायला उशीर झाला, तेव्हा असं एक फूल पूर्ण उमललेलं त्याच्या नजरेस पडलं आणि त्याने ते ठेवलं, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्या दुहेरी हायसिंथांनी १७३० च्या दशकात एक छोटा सट्टाबाजारच उभा केला. पण चढलेले भाव टिकले नाहीत. १७३६ मध्ये शंभर-दोनशे गिल्डरला गेलेल्या कित्येक जाती १७३९ पर्यंत दहा-वीस गिल्डरवर, काही तर त्याच्याही खाली उतरल्या. सट्टेबाजाचं नुकसान झालं, पण फुलाचं भलं झालं असं माझं मत आहे, कारण जातिवंत कंद श्रीमंतांच्या पेटीतून बाहेर पडायला इथूनच सुरुवात झाली.

भाव उतरले तरी मेहनत उतरली नाही. हायसिंथ आपणहून फार सावकाश वाढतो. एका कंदाला वर्षाकाठी एखाददुसरं पिल्लू. म्हणून हार्लेमकडचे शेतकरी कंदाची तळाची चकती सुरीने खोलगट कोरून काढतात. जखम झालेल्या त्या पापुद्र्यांच्या कडांवर बारीक बारीक डझनावारी कंदुल्या धरतात. त्या वेगळ्या करून लावायच्या, दरवर्षी उन्हाळ्यात काढायच्या, वाळवायच्या, निवडायच्या, शरद ऋतूत पुन्हा लावायच्या. असं तीन-चार वर्षं केल्यावर मुठीत मावेल असा विकाऊ कंद तयार होतो. कंद निवडणाऱ्या हातांना सालीतल्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे खाज सुटते, कातडी लाल होते. या धंद्यातल्या बाया-माणसांचं ते पिढ्यान्‌पिढ्यांचं दुखणं आहे. खिडकीत तीन आठवडे दरवळणाऱ्या फुलामागे ही चार वर्षं आणि ते खाजरे हात असतात. घरगुती फुलबागेच्या इतिहासात त्यांना पहिलं स्थान द्यायला हवं, कारण घरातल्या माणसाला सोपं वाटणारं सगळं त्यांनी सोपं करून ठेवलेलं होतं.

खोलीच्या आत झाडं वाढवण्याचा विचार त्याहून जुना आहे. सर ह्यू प्लॅट यांनी १६०८ मध्ये लंडनला छापलेल्या ‘फ्लोराज पॅराडाइस’ या पुस्तकात घरातल्या बागेविषयी लिहिलं आहे. पण कंद आणि काच यांची गाठ पडली ती १७३० च्या आसपास. स्वीडनच्या मार्टेन ट्रीवाल्डने कंद पाण्याच्या भांड्यावर ठेवून फुलवण्याचे प्रयोग केले. पाठोपाठ चेल्सी इथल्या औषधी बागेचा प्रमुख फिलिप मिलर याने ट्यूलिप, नार्सिसस वगैरे कंद पाण्यावर ठेवून हिवाळ्यात फुलवून पाहिले आणि त्याचा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. मातीशिवाय नुसत्या पाण्यावर फूल येतं, हा तेव्हा विज्ञानाचा प्रश्न होता. १७६८ मध्ये मार्की द सँ-सिमों याने हायसिंथवर अख्खा ग्रंथच लिहिला. त्या काळातली भांडी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. खाली पोट, वर आवळलेला गळा आणि गळ्यावर वाटीसारखं तोंड. कंद वाटीत बसतो, पाणी त्याच्या तळाला जेमतेम स्पर्श करेल-न करेल इतकंच ठेवायचं, नाहीतर कंद कुजतो. पाणी नासू नये म्हणून तळाशी कोळशाचा एक तुकडा टाकायचा. आठ-दहा दिवसांत तळाच्या कडेने पांढऱ्या मुळ्या सुटतात आणि शेवयांसारख्या सरळ खाली उतरत जातात. वेजवूडच्या कारखान्याने तर भोकं पाडलेल्या पाठीचा मातीचा साळिंदर काढला होता. आत शेवाळं भरायचं, प्रत्येक भोकाशी क्रोकसचा कंद बसवायचा, म्हणजे पानं फुटली की साळिंदराच्या अंगावर हिरवे काटे उभे राहायचे.

इथवर ही श्रीमंतांचीच गोष्ट दिसते, आणि ती तशी होतीही. पण थोडं थांबून विचारावं, की या फुलाला घरात नेमकं काय हवं होतं? त्या काळातल्या अनेक जाणकारांचा सल्ला असा आहे: भांडं भरलं की ते थंड आणि काळोख्या जागी ठेवा. तळघरात, जिन्याखालच्या कपाटात, कोळशाच्या कोठीत. मुळ्या पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, त्याला उजेड दाखवू नका. कोंब बोटभर वर आला की मग थंड खोलीतल्या खिडकीत आणा. दांडा लांबावा म्हणून कोंबावर काही दिवस कागदाची शंकूच्या आकाराची टोपी घाला. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. उलट श्रीमंताच्या दिवाणखान्यात शेगडी धगधगत असायची, त्या उबेत घाईने आणलेला कंद पानं वाढवायचा आणि फूल गिळून टाकायचा. एकोणिसाव्या शतकात सधन घरांत गॅसचे दिवे आले आणि घरातली झाडं अकारण पिवळी पडू लागली. त्याचा उलगडा १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये द्मित्री नेल्युबोव याने केला. प्रयोगशाळेच्या हवेत वाटाण्याची रोपं वेडीवाकडी, आडवी वाढतात ती दिव्याच्या गॅसमधल्या एथिलीनमुळे, असं त्याने दाखवलं. ज्या सोयींमुळे घर सुखाचं झालं, त्याच सोयी कंदाला जाचक ठरल्या. आणि ज्या खोलीत पहाटे पाण्यावर बर्फाची साय धरायची, ज्या खोलीला जिन्याखालच्या पोकळीशिवाय दुसरं कोठार नव्हतं, ती खोली हायसिंथला हवी तशी होती.

यावर पहिला आक्षेप येणारच: थंडी फुकट असेल, पण कंद आणि काच फुकट नव्हती. खरं आहे. ब्रिटनमध्ये १७४५ पासून काचेवर वजनाप्रमाणे कर होता आणि तो १८४५ पर्यंत टिकला. या शंभर वर्षांत हायसिंथचं काचपात्र ही चैनच होती. १८५१ मध्ये खिडक्यांवरचाही कर गेला. चालीचा खरा फैलाव या दोन करांच्या उठण्यानंतरचा आहे, हे माझ्या म्हणण्याला बाधक नाही, पूरकच आहे. अडसर कायद्याचा आणि किमतीचा होता. तो दूर होताच हे फूल खालच्या थरांत इतक्या लवकर मुरलं, कारण बाकीचं सगळं त्या घरांत आधीपासून हजर होतं. शिवाय पात्र हवंच असं नव्हतं. मुरंब्याची बरणी, चिनी मातीचा कडा उडालेला वाडगा, शेवाळ्याची मूठ, एवढ्यावर भागायचं. हेन्री मेह्यूने लंडनच्या गरिबांवर लिहिलेल्या १८५१ च्या प्रसिद्ध ग्रंथात रस्त्यावर फुलं, कुंड्या आणि मुळांसकट रोपं विकणाऱ्यांना वेगळी जागा दिली आहे. हा धंदा केवळ बंगलेवाल्यांच्या जिवावर चालत नव्हता. पुढे विसाव्या शतकात ब्रिटनमधल्या शाळांतून मुलांना शरद ऋतूत एकेक कंद द्यायचा, तो त्यांनी घरी वाढवायचा आणि वसंतात वर्गात परत आणायचा, ही स्पर्धा रूढ झाली. मुलाला बाग असो वा नसो, कपाट असायचंच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबीतल्या थंडीला फुलाची सामग्री म्हणणं म्हणजे दारिद्र्यावर गोंडस पडदा टाकणं नव्हे काय? त्या थंडीने माणसं आणि लहान मुलं मरत होती, हे विसरून ही कथा सांगितली तर तो अपराधच ठरेल. आणि विसरायला लावणारे लोक त्या काळी होतेही. लंडनच्या ब्लूम्सबरी भागात सॅम्युएल हॅडन पार्क्स या धर्मोपदेशकाने गरीब वस्तीतल्या खिडकीबागांची प्रदर्शनं भरवली आणि १८६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच लोकांसाठी खिडकीबागा आणि स्वच्छ, नीटनेटक्या खोल्या यांची जोडी लावलेली आहे. कुंडीतल्या झाडामुळे माणूस दारू सोडेल, खोली झाडेल, देवळात येईल, असा त्या उपक्रमामागचा विश्वास. भाडं कमी करणं, गटारं बांधणं ही कामं जिथे हवी होती तिथे बक्षिसं वाटली गेली, अशी टीका कुणी केली तर मी ती मान्य करेन. पण तेवढ्याने खिडकीतल्या फुलाचा निकाल लागत नाही. ती प्रदर्शनं उन्हाळ्यातली, बघायला पाहुणे येणार अशा दिवसांतली होती. हायसिंथचं काम ऑक्टोबर ते जानेवारी, कुणीही बघत नसताना, कपाटाच्या दाराआड चालायचं. तिथे परीक्षक नसायचा. पाणी घटलं की घालायचं आणि मुळ्या किती उतरल्या ते मेणबत्तीच्या उजेडात पाहायचं, एवढा तो व्यवहार त्या घरातल्या माणसापुरता होता. स्वतःच्या हातांनी घडवलेल्या सौंदर्याची भूक गरिबाला कुणी शिकवावी लागते, असं मानणं मला त्या धर्मोपदेशकाच्या चुकीचीच पुनरावृत्ती वाटते.

तिसरं म्हणणं बागकाम करणाऱ्यांचं असतं. पाण्यावर फुललेला कंद पार रिता होतो. पुढच्या वर्षी तो तसा फुलत नाही. मग याला झाड वाढवणं कसं म्हणायचं? हा तर फुलांचा गुच्छ विकत आणण्याचा लांबलेला प्रकार. मला वाटतं, यात टिकाऊपणालाच एकमेव मोल दिलं जातंय. तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण म्हणतो, आणि तरी कोकणात त्याच तेरड्याची रोपं मुळासकट आणून गौर म्हणून पुजतो. त्या तीन दिवसांसाठी दारात तिचे पाय धुतो. काही गोष्टींची किंमत त्या येतात या घटनेत असते. आणि हायसिंथच्या बाबतीत तर येण्याची प्रत्येक पायरी काचेतून दिसते. मातीत जे कायम झाकलेलं राहतं, ते मुळ्यांचं उतरणं पाहून कित्येक पिढ्यांना वनस्पतीचा पहिला धडा मिळाला. कापलेला गुच्छ असं काही शिकवत नाही.

ही विद्या युरोपची एकट्याची नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. चीनमध्ये नार्सिससचे कंद उथळ ताटलीत, गोट्यांच्या आधाराने, नुसत्या पाण्यावर फुलवण्याची परंपरा त्याच्या कितीतरी आधीची आहे. फूज्यान प्रांतातल्या झांगझोऊ भागात कंद तीन वर्षं शेतात वाढवतात, मग तो घरोघर जातो आणि चांद्र नववर्षाला फुलतो. तिथले कसबी लोक सुरीने कंदाच्या पापुद्र्यांवर आणि कोवळ्या पानांच्या कडेवर असे छेद देतात की पानं खेकड्याच्या नांग्यांसारखी वळतात. इराणमध्ये नवरोजच्या मांडणीत सोंबोल, म्हणजे हाच हायसिंथ, असतो. तीनही ठिकाणी शेतकऱ्याने वर्षांचं काम करून ठेवायचं आणि घराने शेवटचे काही आठवडे सांभाळायचे, हीच वाटणी दिसते. फरक एवढाच की चिनी नार्सिससला कडक थंडीची गरज नसते, हायसिंथला असते.

आणि त्या फरकात, ही चाल मराठी घरात का आली नाही, याचं उत्तर आहे. इंग्रजांनी आपल्याकडे गुलाबाचे ताटवे आणले, क्रोटनच्या कुंड्या आणल्या, पण मुंबईत जानेवारीतलं किमान तापमानही सरासरी सतरा अंशांच्या आसपास राहतं. पुण्यात रात्री गारठा असतो, तर दुपारी पारा तिशीला टेकतो. सलग दहा आठवड्यांची थंडी इथे कुठल्याच कपाटात मिळत नाही. शिवाय आपल्याला फूल आत आणण्याची निकड कधी नव्हती. बाहेर हिमच पडत नाही, तर मोगरा चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात आणि तुळस दारात वर्षभर राहू शकते. कंदाचं जे फूल आपण आपलंसं केलं, तो निशिगंध, मेक्सिकोहून आलेला, उबेत वाढणारा. त्याला थंड कपाटाचं कामच नाही. आता मात्र डच हायसिंथचे कंद इथल्या हौशी लोकांपर्यंत पोचतात, आणि त्यांना हवा तो हिवाळा फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात मिळतो: कागदी पिशवीत गुंडाळून, दहा-बारा आठवडे. त्या कप्प्यातून सफरचंदं मात्र आधी काढून ठेवावी लागतात. पिकणारं सफरचंद एथिलीन सोडतं, आणि गॅसच्या दिव्यातल्या ज्या वायूने नेल्युबोवचे वाटाणे वाकवले होते तोच वायू कंदाच्या पोटातली कळी जागच्या जागी सुकवतो.